पाच पौंडांच्या उसनवारीवर उभे राहिलेले ग्रंथभांडार

ज्ञातिसंस्थांच्या फंडांतून विद्यार्थ्यांस फीसाठी साहाय्य द्यावे, याविषयी सहसा मतभेद होत नाही. परंतु एखाद्या तरुणाने धंद्यासाठी, त्यातही पुस्तके विकण्यासारख्या बिनभरवशाच्या धंद्यासाठी हात पुढे केला म्हणजे जाणत्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. म्हणूनच जेम्स लॅकिंग्टन या इंग्रज पुस्तकविक्रेत्याची हकीकत स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटले.

लॅकिंग्टनचा जन्म १७४६ साली सॉमरसेट परगण्यातील वेलिंग्टन या गावी झाला. बाप जोडे शिवणारा कारागीर; दारूच्या पायी त्याने संसाराची धूळधाण केलेली. चौदाव्या वर्षी जेम्स टॉन्टन येथे एका जोडेवाल्याकडे उमेदवारीस राहिला, तेव्हा त्यास धड वाचताही येत नव्हते. आईकडून दर आठवड्यास मिळणारा दीड पेनी तो धन्याच्या लहान मुलास देई आणि त्याच्याकडून आठवड्यास एक तास शब्द जुळविण्यास शिके. निजावयास गेल्यावर दिवा मिळत नसे. सबब हे सारे शिक्षण अंधारात चाले!

पुढे ब्रिस्टल येथे त्यास व त्याच्या एका मित्रास वाचनाचे वेडच लागले. दिवसाकाठी झोप काय ती तीन तास. एकाने जागून काम करावे व नेमल्या वेळी इतरांस उठवावे. सर्वजण कामास बसले म्हणजे एकाने मोठ्याने वाचावे, असा त्यांचा परिपाठ होता. पुस्तकांच्या दुकानाची पायरी चढण्यास मात्र त्यांचे मन धजत नसे, कारण कोणते पुस्तक मागावे हेच त्यांस ठाऊक नसे. या लाजेची वाचकांनी आठवण ठेवावी. लॅकिंग्टनच्या पुढील धंद्याचे बीज आमच्या मते तिच्यातच आहे.

१७७३ साली तो खिशात अर्धा क्राउन घेऊन लंडनला आला. तेथे नाताळच्या आदल्या दिवशी सणाच्या जेवणाचे सामान आणण्यासाठी म्हणून घरातील शेवटचा अर्धा क्राउन घेऊन तो बाहेर पडला आणि यंग कवीचे ‘नाइट थॉट्स’ हे काव्य विकत घेऊन परतला. उद्याचे जेवण उद्याच संपेल, पुस्तक मात्र पन्नास वर्षे पुरेल, अशी त्याने पत्नीची समजूत घातली. आमच्या भगिनीवर्गास हा युक्तिवाद कितपत रुचेल याची आम्हांस शंकाच आहे.

१७७४ साली त्याने फेदरस्टोन स्ट्रीटवर लहानसे दुकान घेतले. जोडे शिवणे चालूच होते. त्याच्या जोडीस घरची थोडी पुस्तके व एका गिनीस घेतलेली जुन्या धर्मग्रंथांची एक गोणी. सारा माल मिळून पाच पौंडांचा! याच सुमारास त्यास मेथडिस्ट पंथाच्या फंडातून पाच पौंड बिनव्याजी मिळाले. हा फंड जॉन वेस्ली यांनी १७४६ च्या सुमारास ३० पौंड १६ शिलिंग वर्गणी जमवून काढला होता. कर्जाची फेड तीन महिन्यांत करावयाची, असा नियम होता. एवढ्याशा रकमेतून पहिल्या अठरा महिन्यांत २५५ माणसांची नड भागली, कारण परत आलेला पैसा लगेच दुसऱ्याच्या हाती जात असे. लॅकिंग्टनचा माल सहा महिन्यांत पाच पौंडांचा पंचवीस पौंडांवर गेला. लवकरच त्याने चिझवेल स्ट्रीटवर दुकान हलविले आणि आरी-टोच्यास कायमचा रामराम ठोकला.

१७८० साली त्याने उधारी सर्वस्वी बंद केली. त्या काळी पुस्तकांचे पैसे सहा सहा महिने, कधी वर्षेच्या वर्षे येत नसत. काही तर बुडतच. या बुडिताचा भार प्रामाणिक गिऱ्हाइकावर पडे. लॅकिंग्टनने बड्या घराण्यांसही उधार देण्याचे नाकारले, प्रत्येक पुस्तकावर कमीत कमी किंमत घातली आणि घासाघीस मिटविली. जातभाई हसले. पण नाव न कळणाऱ्या, भाव विचारण्यास लाजणाऱ्या गिऱ्हाइकाचे यात केवढे हित झाले, हे ब्रिस्टलच्या त्या दोन कारागिरांस विचारावे. दुसरी गोष्ट शिल्लक प्रतींची. लिलावात अशा प्रती घेणारे विक्रेते त्यांपैकी निम्म्या, कधी पाऊण हिस्सा, नष्ट करीत आणि उरलेल्या पूर्ण किमतीस विकीत. काही दिवस त्यानेही ही रीत पाळली. नंतर मात्र एकही प्रत न फाडता सर्व स्वस्तात विकू लागला. इतर व्यापारी खवळले, पण १७९१ साली त्याचा नफा ४,००० पौंड झाला होता आणि वर्षास लाखभर प्रती खपत होत्या.

त्यानंतर काही वर्षांतच फिन्सबरी स्क्वेअरमध्ये त्याचे ‘टेम्पल ऑफ द म्यूझेस’ हे प्रचंड दुकान उघडले. मधल्या गोल मेजाभोवती चार घोड्यांची गाडी फिरवून त्याने त्याची लांबीरुंदी लोकांस दाखविली! वरच्या मजल्यावर जावे तो पुस्तके अधिक जुनी व अधिक स्वस्त होत जात. हौसेने बसून वाचण्यासाठी स्वतंत्र दालने होती. १७९८ साली हा व्याप आप्ताच्या हाती देऊन तो निवृत्त झाला. पुढे १८१८ साली मेरी शेली यांची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी याच पेढीने प्रसिद्ध केली; इमारत १८४१ साली आगीत गेली.

एक गोष्ट मात्र लपविण्यात अर्थ नाही. १७९१ च्या आत्मचरित्रात लॅकिंग्टनने ज्यांच्या पैशावर तो उभा राहिला त्या मेथडिस्टांचीच यथेच्छ टवाळी केली आहे. फंड चालविणाऱ्या मंडळींस असा अनुभव नवा नसेल. तरी फंड बंद पडला नाही, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. उतारवयात लॅकिंग्टनचे मन पालटले. १८०४ साली दुसरे पुस्तक लिहून त्याने आपली निंदा मागे घेतली आणि ज्या टॉन्टन गावी तो अंधारात शब्द जुळवीत असे, तेथेच त्या पंथासाठी प्रार्थनामंदिर बांधून दिले. बडली सॉल्टरटन येथेही त्याने असेच एक मंदिर बांधले, आणि १८१५ साली तेथेच त्याचे देहावसान झाले.