वर्गाबाहेरची शाळा: नांदेड-लातूरमधील शालेय उपक्रमांचा इतिहास

स्नेहसंमेलन, वक्तृत्व स्पर्धा, हस्तलिखित, बालसभा, कवायत आणि लेझीम हे सारे नांदेड-लातूरच्या शाळांमध्ये रुजले ते पुण्या-मुंबईपेक्षा वेगळ्या परिस्थितीत. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेड जिल्ह्याचे ठिकाण होते. लातूर ही तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बाजारपेठ होती, तर उदगीर, अहमदपूर आणि निलंगा बीदर जिल्ह्यात मोडत. शाळा मोजक्याच होत्या आणि सरकारी माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे माध्यमही उर्दूच होते. मराठी बोलणाऱ्या मुलाला शाळेत आपल्या भाषेत चार वाक्ये जाहीरपणे बोलण्याची संधी क्वचितच मिळे.

सरकारी शाळांत खेळ होते, कवायत होती, निजामाचा वाढदिवस साजरा होई आणि उर्दू भाषणांचे व शेरोशायरीचे कार्यक्रमही होत. बैतबाजी (शेरांच्या भेंड्या) आणि तकरीर (भाषण) यांची परंपरा नांदेडच्या उर्दू शाळांनी आजही राखली आहे. मराठवाड्याच्या शालेय संस्कृतीचा तो एक अस्सल झरा आहे आणि मराठीत लिहिल्या गेलेल्या इतिहासात त्याची नोंद फार कमी घेतली जाते.

सभाबंदीने या इतिहासाला खरे वळण दिले. संस्थानात सार्वजनिक सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ हा हुकूम त्या काळच्या आठवणींत वारंवार येतो. खासगी शाळा आणि आखाड्यांवरही निर्बंध होते. राजकीय सभा बंद, म्हणून लोकांनी वाचनालये काढली, गणेशोत्सवात मेळे बसवले, व्याख्याने ठेवली. खासगी मराठी शाळांतही हेच घडले. जे चौकात बोलता येत नव्हते, ते शाळेच्या पटांगणात पुण्यतिथी, उत्सव किंवा निबंधाच्या निमित्ताने बोलले जाऊ लागले.

याचे ठळक उदाहरण म्हणजे १९२१ मध्ये निघालेली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा. हे गाव आजच्या धाराशिव जिल्ह्यात, लातूरपासून फार लांब नाही. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, १९२९ च्या सुमारास तिथे मुख्याध्यापक म्हणून आले. १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला, पण शिकवणे सोडले नाही. पुढे ते आणि त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला, योगेश्वरी शाळेत गेले. या शाळांमध्ये विद्यार्थी शिक्षकांसोबत राहत, श्रमाची कामे करत, व्यायाम करत आणि चालू घडामोडींवर बोलत. अभ्यास आणि उपक्रम असे दोन वेगळे खाने तिथे नव्हतेच. १९३८ मध्ये स्वामीजी शाळा सोडून हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले, तेव्हा त्यांच्या मागे अशा शाळांत घडलेल्या तरुणांची फळी होती.

त्याच वर्षी वंदे मातरम् चळवळ झाली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या आणि उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी प्रार्थना म्हणून ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. त्यासाठी अनेकांना काढून टाकण्यात आले. त्यांपैकी कित्येकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही याच पिढीतले. शाळा-कॉलेजातल्या समूहगानाचा प्रश्न इतक्या थरापर्यंत गेल्याची उदाहरणे देशात थोडी सापडतील. याच काळात उदगीर भागात आर्य समाजाने तरुणांसाठी व्यायाम आणि हिंदीचे वर्ग चालवले. तिथले कार्यकर्ते भाई श्यामलाल यांचा १९३८ च्या डिसेंबरमध्ये बीदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. उदगीरची श्यामलाल स्मारक शिक्षणसंस्था त्यांच्याच नावाने उभी आहे.

१९४७-४८ मध्ये निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामासाठी अनेक विद्यार्थी शाळा सोडून संस्थानाच्या सरहद्दीवरच्या शिबिरांत गेले. मुक्तीनंतर त्यांतले काहीजण शिक्षक होऊन परतले. पुढची दोन-तीन दशके मराठवाड्यातल्या शालेय उपक्रमांच्या भरभराटीची ठरली, त्याचे मोठे श्रेय या शिक्षकांना जाते. १९५० मध्ये नांदेड एज्युकेशन सोसायटीचे पीपल्स कॉलेज स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने सुरू झाले. कंधारला केशवराव धोंडगे यांची श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. शंकरराव चव्हाणांच्या शारदा भवन शिक्षणसंस्थेनेही नांदेडात शाळा-महाविद्यालये काढली.

नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत १९५० च्या दशकात नरहर कुरुंदकर शिक्षक होते. नंतर ते पीपल्स कॉलेजात गेले आणि प्राचार्य झाले. इतिहास, नाट्यशास्त्र, मनुस्मृती, संगीत असा कोणताही विषय घेऊन तास-दीड तास तर्कशुद्ध बोलणारा हा माणूस मुळात शाळामास्तर होता. राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांतही त्यांची बौद्धिके होत. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. नांदेडच्या मुलांना वक्तृत्व म्हणजे आवाज चढवणे नव्हे, मुद्दा मांडणे होय, हे ऐकून शिकता आले. दुसऱ्या गावांना असा शिक्षक मिळाला नाही.

त्या काळातला सर्वांत देखणा उपक्रम होता हस्तलिखित. दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गावर्गांतून कथा, कविता, कोडी, सहलीची वर्णने गोळा केली जात. संपादक मंडळ म्हणजे मराठीचे शिक्षक आणि चार-पाच मुले. शुद्धलेखन तपासून झाले की वर्गातल्या ज्याचे अक्षर वळणदार त्याच्याकडे काम येई. तो ड्रॉइंग पेपरवर पेन्सिलीने हलक्या रेघा मारून टाक आणि शाईने मजकूर उतरवायचा. समास तांबड्या शाईचा असे. एखाद्या पानावर डाग पडला की ते पान पुन्हा पहिल्यापासून. मुखपृष्ठ चित्रकलेचे शिक्षक किंवा त्यांचा आवडता विद्यार्थी रंगवी, आणि चित्रांवर बटर पेपर लावला जाई. एकच प्रत तयार होई. संमेलनात पाहुण्यांच्या हस्ते तिचे प्रकाशन होऊन ती ग्रंथालयाच्या कपाटात जाई. छापखान्याचा खर्च न झेपणाऱ्या शाळेला लेखक आणि वाचक घडवण्याचे याहून चांगले साधन नव्हते. अशी जपलेली हस्तलिखिते त्या पिढीच्या बोलीचा आणि अनुभवाचा मोलाचा दस्तऐवज आहेत, त्यांची छायाचित्रे काढून ठेवणे अगत्याचे आहे.

स्नेहसंमेलनाला सगळे ‘गॅदरिंग’च म्हणत. डिसेंबर-जानेवारीत, रब्बीची पेरणी उरकल्यावर, ते भरे. बाके जोडून स्टेज, मागे चादरींचा पडदा, पुढे जाजम. नाटुकली, पोवाडे, भारूड, लेझीम, आणि शेवटी शेलापागोटे, म्हणजेच फिशपाँड. चिठ्ठ्यांची पेटी आधी आठवडाभर ऑफिसबाहेर ठेवलेली असे आणि कोणती चिठ्ठी वाचायची, कोणती फाडायची हे शिक्षक ठरवत. गावाला वर्षातून एकदा फुकट नाटक पाहायला मिळे, म्हणून पालकांपेक्षा गावकऱ्यांचीच गर्दी जास्त असे. आनंद मेळाव्यात मुलेच भेळ, वडे, चहाचे स्टॉल लावत आणि हिशोब शिकत.

राज्याच्या आणि देशाच्या पातळीवरच्या योजना याच काळात शाळांत शिरल्या. एनसीसीचा कायदा १९४८ चा, भारत स्काउट्स अँड गाइड्स १९५० चे. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या हिंदी परीक्षा, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षा, विज्ञान प्रदर्शन हे सारे वर्षाच्या वेळापत्रकाचा भाग झाले. सकाळच्या परिपाठातली प्रतिज्ञा १९६२ मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली. ते नलगोंडा जिल्ह्यातले, म्हणजे मराठवाड्यासारखेच जुन्या निजामी मुलखातले. १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन मात्र मराठवाड्याचा स्वतःचा. झेंडावंदन, प्रभातफेरी आणि स्वातंत्र्यसैनिकांची भाषणे यांनी मुलांना आपल्या भागाचा इतिहास कळू लागला, कारण पाठ्यपुस्तकात त्याला चार ओळींपलीकडे जागा नव्हती.

१६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतरच्या काळात ‘लातूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. राजर्षी शाहू महाविद्यालयात जादा तास, प्रश्नसंच आणि सततच्या सराव परीक्षा यांतून बारावीच्या गुणवत्ता यादीत मराठवाड्याची नावे झळकली. दयानंद महाविद्यालय आणि शहरातल्या शाळाही त्याच वाटेने गेल्या. मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या भागातल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉक्टर-इंजिनिअर होण्याचे दार उघडले, ही गोष्ट लहान नाही. पण त्याची किंमत पटांगणाने मोजली. सराव परीक्षांनी शनिवार-रविवार घेतले, दहावीच्या मुलांना गॅदरिंगमधून सूट मिळू लागली, मग नववीच्याही. सीईटी आणि नीट आल्यावर शिकवणीचे वर्ग शाळेपेक्षा मोठे झाले. लातूरचा ‘ट्यूशन एरिया’ आणि नांदेडचे कोचिंग यांसाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून मुले येऊन खोल्या करून राहू लागली. त्यांच्या दिवसात संध्याकाळच उरली नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर गावे झोपेत असताना, किल्लारीचा भूकंप झाला. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा भागातल्या अनेक शाळा जमीनदोस्त झाल्या. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्याजवळ वाघोलीला शिक्षणासाठी नेले, आणि पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गला ‘आपलं घर’ हा प्रकल्प उभा राहिला. तिथे गाणी, खेळ आणि श्रमदान हे मुलांना सावरण्याचे साधन होते. वर्गाबाहेरच्या उपक्रमांना शिक्षणात काय जागा आहे, याचे इतके स्पष्ट उत्तर मराठवाड्याला त्याआधी कुणी दिले नव्हते.

पुढे राष्ट्रीय हरित सेनेच्या रूपाने पर्यावरण मंडळे आली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्यामुळे पाणी हा या जिल्ह्यातल्या शाळांसाठी पुस्तकी विषय उरला नाही. नांदेडच्या शीख मुलांमध्ये गतका ही पारंपरिक युद्धकला टिकून आहे. खेळाडूंना आणि चित्रकला परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकही या गोष्टींना पूर्ण नकार देत नाहीत. तरी गुणांसाठी चित्र काढणे आणि हस्तलिखितासाठी चित्र काढणे यांत फरक आहेच.

मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर केला. त्यात दप्तराविना शाळा, खेळ, कला, योग, आर्थिक व्यवहारांची ओळख अशा गोष्टी आहेत. जिल्हा परिषदेच्या चांगल्या शाळांत बालसभा आणि परिपाठ यांतून यातले बरेच काही आधीपासून चालू होते. हा उपक्रम पहिली ते आठवीसाठी आहे. लातूर-नांदेडमध्ये ज्या वर्गांचे शनिवार सराव परीक्षांनी भरले, ते नववी-दहावीचे वर्ग त्याबाहेर राहिले आहेत.