काहीच न करणारी ओळ: लिनक्स कर्नलमधल्या एका ठिगळाचा इतिहास

जुना कोड साफ करणं म्हणजे झाडू मारणं, असा तुमचा समज असेल तर हा किस्सा वाचाच.

लिनक्स कर्नल मुख्यतः सी भाषेत आहे, पण मध्येमध्ये असेंब्लीचे तुकडे येतात. जीसीसी कंपायलरमध्ये ‘एएसएम गोटो’ नावाची सोय आहे. तिच्यामुळे अशा तुकड्यातून थेट सीमधल्या लेबलवर उडी मारता येते. वेग वाढतो, म्हणून कर्नलवाल्यांना ती प्रिय.

2013 मध्ये लक्षात आलं की या रचनेतून जीसीसी कधीकधी चुकीचा मशीनकोड बनवतो. जीसीसीच्या याकुब येलिनेक यांनी उपाय सुचवला: गोटोच्या लगेच पुढे रिकामं असेंब्ली विधान टाका. त्यातून मशीनची एकही सूचना तयार होत नाही, पण कंपायलर मात्र तिथे बिचकतो आणि कोडची हलवाहलव आवरती घेतो. इंगो मोल्नार यांनी हे ठिगळ एका मॅक्रोत बसवलं आणि दुरुस्त झालेल्या 4.8.2 च्या आधीच्या आवृत्त्यांपुरतंच ठेवलं. शिवाय शेजारी जीसीसीच्या बगचा क्रमांक लिहिला: 58670. हा क्रमांक लक्षात ठेवा.

2014 मध्ये 4.8.2 वापरूनही गडबड दिसली. केव्हीएममधली व्हर्च्युअल मशीन बंद केली तरी तिची मेमरी मोकळी होईना. ठिगळ लावलं की सगळं ठीक! नेमकं कारण सापडेपर्यंत म्हणून आवृत्तीची अट काढून टाकली आणि ठिगळ सगळ्यांनाच लागू झालं. ‘सध्यापुरतं’ हा शब्द सॉफ्टवेअरमध्ये किती टिकतो, ते पाहा: आठ वर्षं.

मधल्या काळात कर्नलला लागणारा किमान जीसीसी वर सरकत गेला. 2018 मध्ये 3.2 वरून 4.6, 2021 मध्ये 5.1. मग 2022 मध्ये ठिगळ निघालं. कारण रास्त होतं: बग असलेले कंपायलर आता चालतच नव्हते, आणि ती ओळ उपयोगी ऑप्टिमायझेशन विनाकारण अडवत होती. मॅक्रोचं नाव मात्र कोडभर तसंच राहिलं.

फेब्रुवारी 2024 मध्ये तशाच जातीचा बग पुन्हा हजर. या वेळी जीसीसी 11 पासून आलेल्या, आउटपुट देणाऱ्या एएसएम गोटोमध्ये; आणि पुन्हा केव्हीएममध्येच. औषध? तेच रिकामं विधान. पण लिनस टोरवाल्ड्स यांनी जुनं ठिगळ जसंच्या तसं परत आणलं नाही. ते फक्त आउटपुटवाल्या प्रकारापुरतं ठेवलं आणि मॅक्रोला नवं नाव दिलं. जीसीसीत दुरुस्ती झाल्यावर (11.5, 12.4, 13.3 आणि 14.1) तेही फक्त सदोष आवृत्त्यांपुरतं उरलं.

म्हणजे 2022 ची सफाई चुकली का? माझ्या मते नाही. तेव्हा हाती असलेल्या पुराव्यावर ती बरोबरच होती. नवा बग वेगळा होता, फक्त लक्षणं ओळखीची होती. ती इतक्या पटकन ओळखता आली, कारण आधीच्या प्रत्येकाने ‘काय केलं’ यासोबत ‘का केलं’ हेही नोंदवलं होतं. 2024 ची कमिट-नोंद उघडून बघा: 2013, 2014 आणि 2022 चे तिन्ही बदल तिच्यात संदर्भासह दिलेले आहेत. तिथून मागे मागे जात तुम्ही थेट 58670 पर्यंत पोचता.