जेसन अंतराळात का गेला?

आजचा प्रश्न ऐकायला गमतीशीर आहे, पण त्याचं उत्तर सिनेमाच्या धंद्यात सापडतं. हॉरर सिनेमाची मालिका लांबत गेली की तिच्यातला राक्षस एक दिवस थेट अंतराळात का पोचतो?

आधी यादी बघू. १९९२ला आला ‘क्रिटर्स ४’. १९९६ला ‘हेलरेझर : ब्लडलाइन’. त्याच सुमारास ‘लेप्रिकॉन ४ : इन स्पेस’, म्हणजे सोन्यासाठी माणसं मारणारा आयरिश लोककथेतला बुटका, चक्क यानात! आणि २००२ला अमेरिकेच्या थिएटरांत लागला ‘जेसन एक्स’. दहाएक वर्षांत चार मालिका आकाशात. हा नुसता योगायोग म्हणायचा का?

पहिलं कारण म्हणजे जागा. भीतीला पत्ता लागतो. आपला मुंजा जसा पिंपळावर, तसा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मधला जेसन क्रिस्टल लेक या तळ्याकाठच्या कॅम्पवर. पण दर भागात पोरं त्याच तळ्यावर मरायला कशी येणार? म्हणून १९८९च्या आठव्या भागात त्याला न्यूयॉर्कला नेलं. नावात मॅनहॅटन, पण बराचसा सिनेमा बोटीवरच! लेप्रिकॉनही तिसऱ्या भागात लास वेगास फिरून आला. मग उरलं काय? आकाश. आणि यान हे किती छान भुताचं घर होऊ शकतं, ते ‘एलियन’नं १९७९मध्येच दाखवलं होतं. शेजारी नाहीत, पोलीस नाहीत, दार उघडून पळायची सोय नाही.

दुसरं कारण व्हिडिओ कॅसेट. ‘क्रिटर्स ४’ आणि ‘लेप्रिकॉन ४’ हे थिएटरसाठी नव्हतेच, ते थेट कॅसेटवर आले. दुकानात गिऱ्हाईक कव्हरवर नजर टाकतं आणि पुढे जातं. तेवढ्यात त्याला थांबवायचं, तर ‘इन स्पेस’ हे दोन शब्द पुरेसे होते. आज आपण थंबनेल बघून क्लिक करतो ना, अगदी तसंच.

तिसरं कारण जेसनचं खास. फ्रेडी आणि जेसन यांची टक्कर दाखवणारा सिनेमा वर्षानुवर्षं पटकथेतच अडकला होता. तोवर लोक जेसनला विसरले तर? मधे एक सिनेमा हवा होता, पण त्या येणाऱ्या कथेला धक्का न लावणारा. मग जेसनला गोठवलं आणि उठवलं थेट २४५५ साली! सिनेमाची जगभरची कमाई दोन कोटी डॉलर्सच्या आतच राहिली. २००३ला ‘फ्रेडी व्हर्सेस जेसन’ आला, त्यानं अकरा कोटींच्या वर कमावले. म्हणजे अंतराळातला जेसन खरं तर जागा धरून बसला होता.

पण मंडळी, या चारांत एक गोष्ट वेगळी आहे. ‘ब्लडलाइन’मध्ये अंतराळ ही नुसती शक्कल नव्हती. नरकाचं दार उघडणारी ती पेटी अठराव्या शतकात फ्रान्समधल्या एका खेळणी बनवणाऱ्यानं घडवली. तिचा शाप त्याच्या वंशजांनी पिढ्यान् पिढ्या भोगला आणि २१२७मध्ये एक वंशज अंतराळस्थानकालाच सापळा बनवून हिशेब मिटवतो. तीन काळ, एकच घराणं. मूळ पटकथेत हे क्रमानं उलगडत होतं. स्टुडिओला मात्र पिनहेड लवकर पडद्यावर हवा होता. काटछाट झाली, नवे प्रसंग दुसऱ्या दिग्दर्शकानं शूट केले, क्रम उलटापालटा झाला. शेवटी मूळ दिग्दर्शक केव्हिन येगर यांनी आपलं नावच काढून घेतलं. पडद्यावर झळकलं ‘ॲलन स्मिथी’, म्हणजे स्वतःचा सिनेमा नाकारणाऱ्या दिग्दर्शकांसाठी हॉलिवूडनं ठेवलेलं खोटं नाव.

म्हणून ‘राक्षस अंतराळात’ म्हटलं की आपण हसतो, ते ठीकच आहे. जेसनचं तळं सुटलं, तशी भीतीही बरीचशी सुटली. पण या चारांतल्या एका सिनेमाकडे आकाशात जायला खरं कारण होतं, आणि नेमकं तेच कारण कात्रीखाली गेलं. पुढच्या वेळी असा एखादा विचित्र सिक्वेल दिसला, तर हसा जरूर, पण तो असा का झाला हेही एकदा शोधा.

भेटू पुढच्या भागात. तोवर दिवा चालू ठेवून झोपा!