स्टीलबुक

स्टीलबुक ही चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका आणि व्हिडिओ गेम यांच्या तबकड्या ठेवण्यासाठी तयार केलेली पोलादी पत्र्याची सचित्र पेटी होय. ‘स्टीलबुक’ हे डेन्मार्कमधील स्कॅनावो या वेष्टननिर्मात्या कंपनीचे व्यापारचिन्ह आहे. तथापि अन्य उत्पादकांच्या तशाच धातूच्या पेट्यांनाही संग्राहक सैलपणे हेच नाव देतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा प्रकार रूढ झाला. एकच चित्रपट, परंतु विशिष्ट दुकानातच मिळणारी पेटी, या विक्रीपद्धतीमुळे तो विशेष प्रसिद्धीस आला.

पार्श्वभूमी

डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये आणि १९९७ साली अमेरिकेत बाजारात आली. तिची नेहमीची पेटी प्लास्टिकची असून पारदर्शक आवरणाखाली छापील कागद सरकवलेला असतो. सर्व दुकानांत तीच तबकडी त्याच पेटीत मिळत असल्यामुळे दुकानांमधील स्पर्धा केवळ किमतीवर येऊन ठेपली. मोठ्या दुकानसाखळ्या नवा चित्रपट अत्यल्प नफ्यावर, प्रसंगी तोट्यातही विकत. चित्रपटासाठी आलेला ग्राहक दुकानातील इतर वस्तू घेईल, असा त्यामागचा हिशेब असे. किंमत आणखी उतरवणे परवडेनासे झाल्यावर वेगळेपणासाठी वेष्टनाचा आधार घेतला गेला. विक्रेता ठरावीक प्रती उचलण्याची हमी देतो आणि त्या मोबदल्यात चित्रपटाचा वितरक विशिष्ट चित्र असलेली पेटी त्या विक्रेत्यापुरती राखून ठेवतो, असे या व्यवहाराचे सामान्य स्वरूप आहे.

रचना

पेटीचे बाहेरील अंग पातळ पत्र्याचे असून चित्र थेट धातूवर छापलेले असते. आतील बाजूस तबकडी अडकवण्यासाठी प्लास्टिकचा साचा बसवलेला असतो. तो बहुधा पारदर्शक असतो, त्यामुळे त्यामागील चित्रही दिसते. ब्लू-रेसाठीची पेटी सुमारे १७ सेंटिमीटर, तर डीव्हीडीसाठीची सुमारे १९ सेंटिमीटर उंच असते. चकचकीत किंवा मंद पृष्ठभाग, उठावदार अथवा खोलगट अक्षरे आणि चित्राच्या काही भागालाच दिलेली चकाकी हे सजावटीचे प्रचलित प्रकार आहेत.

चित्रपटाचा कालावधी, भाषा, श्रेयनामावली, पट्टीसंकेत इत्यादी तपशील पत्र्यावर न छापता मागे जोडलेल्या सुट्या कागदावर दिले जातात. त्यामुळे कागद काढल्यावर पेटीच्या दोन्ही बाजूंस केवळ चित्र उरते. प्लास्टिकची पेटी फुटल्यास बदलता येते. पत्र्याला पडलेला पोचा मात्र सहसा निघत नाही. म्हणून संग्राहक पेटीवर पारदर्शक संरक्षक आवरण चढवतात. टपालात पोचा पडणे ही या क्षेत्रातील नित्याची तक्रार आहे.

विक्रेतानिहाय आवृत्त्या

अमेरिकेत बेस्ट बाय ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकानसाखळी अशा आवृत्त्यांचे प्रमुख केंद्र होती. कॅनडात तिच्याच मालकीच्या फ्युचर शॉप या दुकानांतून स्वतंत्र आवृत्त्या निघत. ती दुकाने २०१५ साली बंद झाली. टार्गेट या दुकानसाखळीने पोलादी पेटीऐवजी आत सचित्र पुस्तिका असलेल्या पुठ्ठ्याच्या वेष्टनावर भर दिला.

ब्रिटनमध्ये एचएमव्ही आणि झाव्ही ही नावे अग्रगण्य ठरली. एचएमव्हीचे पहिले दुकान १९२१ साली लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर उघडले होते. झाव्ही हे व्हर्जिन मेगास्टोअर्सच्या ब्रिटनमधील दुकानांना २००७ साली मिळालेले नाव होय. २००८ च्या अखेरीस ही कंपनी दिवाळखोरीत गेली. दुकाने बंद पडली, पण आंतरजालावरील विक्रेता म्हणून नाव टिकले आणि पुढे ते स्टीलबुकशीच जोडले गेले.

दक्षिण कोरियातील नोव्हा मीडिया, हाँगकाँगमधील मांता लॅब आणि चेक प्रजासत्ताकातील फिल्मअरेना यांनी या प्रकाराला अधिक खर्चिक वळण दिले. पेटीभोवती पुठ्ठ्याचे पूर्ण आवरण, कोन बदलताच बदलणारे चित्र, छायाचित्रपत्रे, पुस्तिका आणि प्रत्येक प्रतीवर अनुक्रमांक ही त्यांच्या आवृत्त्यांची वैशिष्ट्ये आहेत.

पुनर्विक्री आणि टीका

प्रती मोजक्या असल्याने मागणी असलेल्या चित्रपटाची पेटी आगाऊ नोंदणीतच संपू शकते आणि नंतर चढ्या दराने विकली जाते. फेरविक्रीसाठीच अनेक प्रती घेणाऱ्यांमुळे खऱ्या रसिकाला मूळ किमतीत प्रत मिळत नाही, हा प्रमुख आक्षेप आहे. दुसरा आक्षेप आशयाविषयी आहे: बहुतेक वेळा आतील तबकडी साध्या आवृत्तीतलीच असते, म्हणजे वाढीव किंमत केवळ वेष्टनाची असते. याउलट, मुखपृष्ठासाठी नव्याने काढलेली चित्रे ही भित्तिचित्रकलेची एक शाखाच आहे, असे समर्थक मानतात. अमेरिकेतील मोंडो या भित्तिचित्र प्रकाशनसंस्थेनेही स्टीलबुकची मालिका काढली आहे.

तबकड्यांची घसरण आणि स्टीलबुकचे स्थान

आंतरजालावरून चित्रपट पाहण्याची सोय वाढल्यावर तबकड्यांचा खप झपाट्याने घटला. बेस्ट बायने ऑक्टोबर २०२३ मध्ये चित्रपटांच्या तबकड्यांची विक्री थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०२४ च्या आरंभी तो अमलात आणला. साध्या तबकडीचा सर्वसाधारण ग्राहक दूर गेला, तरी संग्राहक उरला. त्यामुळे उरलेल्या बाजारपेठेत स्टीलबुकसारख्या आवृत्त्यांचे महत्त्व वाढले.

येथे प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही. मे २०२३ मध्ये डिस्ने प्लसने ‘विलो’सह स्वतःच्या काही मालिका सेवेवरून काढून टाकल्या. वर्गणी भरणाऱ्या प्रेक्षकाकडे त्यांची प्रत नव्हती. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ‘लोकी’, ‘वांडाव्हिजन’ आणि ‘द मँडलोरियन’ या त्याच सेवेवरील मालिका स्टीलबुकच्या रूपात विक्रीस आल्या. पेटी सजावटीसाठी घेतली, तरी तीमधील तबकडी सेवा बंद झाल्यावरही मालकाकडे राहते.

प्रदेश संकेत

परदेशी आवृत्ती मागवणाऱ्या भारतीय ग्राहकासाठी प्रदेश संकेत महत्त्वाचा ठरतो. ब्लू-रेच्या विभागणीत अमेरिका व दक्षिण कोरिया ‘ए’, ब्रिटन ‘बी’ आणि भारत ‘सी’ प्रदेशात येतो. त्यामुळे संकेतबद्ध परदेशी तबकडी भारतीय यंत्रावर चालेलच असे नाही. २०१६ पासून उपलब्ध झालेल्या ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रे तबकड्यांना असे बंधन नसते. मात्र त्याच पेटीतील जोडीची साधी ब्लू-रे संकेतबद्ध असू शकते.