शनिवारवाडा ते मंडई, पायी

दिल्ली दरवाजापासून निघायचं, वाड्याला वळसा घालून दक्षिणेकडे वळायचं आणि जोगेश्वरीवरून, बुधवार पेठेतून मंडईपर्यंत जायचं. अंतर किलोमीटरभर, थोडं इकडे-तिकडे. वाट प्रत्येक खेपेला हीच, साल मात्र वेगळं. वाहन कुठल्याच शतकात मिळणार नाही, तेव्हा चपला मजबूत घाला.

१७९०

गादीवर सवाई माधवराव, कारभार नाना फडणवीसांच्या हाती. पायाखाली फरसबंदी शोधू नका. माती आहे, शेण आहे, मधूनच एखादा सांडपाण्याचा ओघळ. पदपथ नावाची वस्तू नाही, कारण रस्त्यावर आहेत ते जवळजवळ सगळे पायीच. श्रीमंतांची पालखी येते तीही भोयांच्या पायांनी. घोडेस्वारसुद्धा गर्दीत लगाम आखडून चालीवर येतो.

डाव्या हाताच्या वाड्यापाशी जरा थांबा. काळ्या दगडाचं जोतं कमरेच्या थोडं खाली येतं. त्यावर सागवानी खांब आणि दोन खांबांच्या मध्ये दुकान. दुकानदार नुकताच फळ्या काढतो आहे. उंबऱ्याच्या खाचेतून एकेक फळी सरकवत बाहेर घेतो आणि आतल्या भिंतीला टेकवून ठेवतो. प्रत्येक फळीवर खूण कोरलेली आहे. संध्याकाळी क्रम चुकला तर शेवटची फळी बसत नाही. सगळ्या निघाल्या की भिंत उरतच नाही, दुकान रस्त्यातच येतं. तो गादीवर बसतो. तुम्ही उभे, तो बसलेला, तरी नजर सरळ नजरेला भिडते. जोत्याची उंची पावसाच्या पाण्यासाठी धरली असेल, पण ओळखदेखही तिनेच सोपी केली आहे.

"या, बसा. कुठले आपण?"

तुम्ही जोत्याच्या कडेला टेकता. काही घ्यायलाच हवं असं नाही. वर माडीच्या खिडकीतून कोणी मुलाला हाक मारतं, मागच्या चौकात विहिरीचा रहाट कुरकुरतो, शेजारच्या खणात कारागीर ठोकाठोक करतो. खाली दुकान, मागे कारखाना, वर संसार. पुढे कधीतरी नगररचनाकार याला मिश्र वापर म्हणतील आणि तो कसा साधावा यावर पानंच्या पानं लिहितील. इथे त्याला घर म्हणतात.

हे आपोआप झालं, असं मात्र समजू नका. पेठ वसवण्याची रीत ठरलेली आहे. सरकार एखाद्या मातबर माणसाला शेटे-महाजन नेमतं. तो व्यापारी, कारागीर बोलावून आणतो, जागा नेमून देतो. वसणाऱ्यांना सुरुवातीला करात सूट मिळते, वसवणाऱ्याला बाजारातले हक्क. नाना पेठ याच सुमारास वसते आहे. तांबट आळी, बुरूड आळी, दाणे आळी: ठोक्यांवरून, वासावरून डोळे मिटूनही सांगता येईल आपण कुठे आहोत ते. पुढच्या हौदापाशी घागरींची रांग लागली आहे. हे पाणी कात्रजच्या तलावातून आलं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात जमिनीखालून नळ बांधला गेला, वाटेत हवा खेळती राहावी म्हणून जागोजागी उच्छ्वास ठेवले. हौद आहे म्हणून चौक आहे, चौक आहे म्हणून बातमी आहे.

उन्हं कलायला लागली की मात्र आजूबाजूला नीट बघा. कोण दिसेनासं झालं? तिसऱ्या प्रहरानंतर सकाळपर्यंत महार-मांगांना पेठेत येऊ देत नसत, कारण त्या वेळी माणसाची सावली लांब पडते, असं पेशवाईतल्या पुण्याबद्दल लिहून ठेवलेलं आहे. जोतं, हौद, आळी सगळं बेतशीर, आणि तरी काहींसाठी हा रस्ता घड्याळ बघून बंद होतो. रात्री तोफ झाली की मग सगळ्यांसाठीच.

१८४८

पेशवाई जाऊन तीस वर्षं झाली. वाट तीच, वळणं तीच, वाडेही बरेचसे तेच. तुमच्या पुढे काही पावलांवर सतरा वर्षांची एक मुलगी झपाझप चालते आहे. बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली आहे आणि ती तिथली शिक्षिका आहे. सावित्रीबाई फुले.

जोत्यांवर, ओसऱ्यांवर माणसं बसलेली आहेत. तुम्हाला "या, बसा" म्हणणारीच ही जागा. पण आज नजरा वेगळ्या आहेत. आधी शब्द येतात, मग शेण, मग चिखल. ती थांबत नाही. शाळेत पोचल्यावर बदलायला तिने दुसरं लुगडं ठेवलेलं असतं.

शहर शहाणपणाने कसं आखावं हे सांगणारे लोक सांगतात की, रस्त्यावर घरांचे डोळे असले तर रस्ता सुरक्षित राहतो. बरोबर आहे ते. पण या वाटेवर डोळ्यांची कधीच कमतरता नव्हती. ते राखण करणारे असतील की पाळत ठेवणारे, हे आखणीने ठरत नाही. वीस वर्षांनी, १८६८ मध्ये, सावित्रीबाईंचे पती जोतीराव आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करतील. नवं बांधकाम काही नाही, तोच हौद. नियम तेवढा बदलला.

१८८६

आता भाजी घ्या. शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरणारा बाजार उठून दक्षिणेला नव्या दगडी इमारतीत आला आहे. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याला फुटलेले लांब हात. गव्हर्नरच्या नावाने हिला रे मार्केट म्हणतात. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा, असं नगरपालिकेत बसून बजावणारे सभासद होते जोतीरावच. पुढे हीच इमारत त्यांच्या नावाने ओळखली जाईल.

विक्रेत्यांकडे बघा. ते जमिनीवर नाहीत, उंच गाळ्यांवर मांडी घालून बसले आहेत आणि वांग्यांचा ढीग तुमच्या हाताशी आला आहे. घासाघीस होते ती समोरासमोर. वाड्याच्या जोत्याची अक्कल साहेबाच्या दगडी इमारतीतही कामी आली.

११ जुलै १९६१

पाऊस लागून राहिला आहे. अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांसाठी पोरं आणि त्यांचे पालक. सायकलींच्या घंटांचा एकसारखा किणकिणाट. लक्ष्मी रस्त्याने पेठांमधून आडवी वाट काढली त्यालाही आता बराच काळ झाला. खाली कापडाची, सराफी दुकानं, वर बिऱ्हाडं, गॅलरीत वाळत न वाळणारे कपडे. तुम्ही मंडईपर्यंत पोचता तोवर डॉक्टर, शिंपी, छापखाना, खानावळ, गिरणी, तालीम, देऊळ, शाळा सगळं ओलांडून झालेलं असतं.

योगायोग असा की, याच वर्षी तिकडे न्यूयॉर्कमध्ये जेन जेकब्ज यांचं अमेरिकी शहरांच्या जगण्या-मरण्यावरचं पुस्तक निघणार आहे. रस्ता जिवंत राहायला चार गोष्टी लागतात असं त्या म्हणतात: एका भागात अनेक कामं, थोड्या थोड्या अंतरावर वळणं, नव्यांच्या जोडीला जुन्या इमारती आणि पुरेशी दाट वस्ती. यादी हातात धरून मागे वळून बघा. बोळ मोजा. एकही गोष्ट कमी नाही.

तरी स्मरणरंजनात रमू नका, भिंतीला हात लावून बघा. ओल आहे, तुळई वाकली आहे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, त्या पैशात मालक कौलंसुद्धा शाकारू शकत नाही. आठ बिऱ्हाडांत एक संडास. वर राहणाऱ्या सूनबाईंना विचारलंत तर त्या चौकातल्या विहिरीचं कौतुक सांगणार नाहीत.

उद्या, १२ जुलैला, पानशेतचं धरण फुटेल. पाणी नदीकाठच्या पेठांत शिरेल आणि मातीच्या भिंती बसतील. पूरग्रस्तांसाठी शहराच्या कडेला वसाहती उभ्या राहतील. शाळा इथे, घर तिथे, दुकान आणखी तिसरीकडे. पाय पुरेनासे होतील, सायकलही पुरेनाशी होईल. मग स्कूटर येईल.

२०२४

पुन्हा शनिवारवाडा. रस्ता एकेरी झाला आहे. गाड्या सुरळीत जाव्यात म्हणून तो एकेरी केला, त्या आता समोरून कोणी येणार नाही या खात्रीने सुसाट येतात. ओलांडताना हात वर करून, नजर रोखून, थोडं देवाचं नाव घेऊन चालायचं.

पन्नासेक पावलांवर एक जुना वाडा तग धरून आहे. खाली दुकान, पायरीवर दोन म्हातारे. त्याच्या शेजारी नवी इमारत, आठ-दहा हात मागे सरकलेली. रस्तारुंदीच्या रेषेप्रमाणे जो जो बांधील त्याने मागे सरकायचं आणि जो बांधणार नाही तो जागीच राहणार. त्यामुळे रस्त्याची कड करवतीच्या दातांसारखी झाली आहे. आत गेलेल्या प्रत्येक दातात मोटारसायकली लागल्या आहेत. रुंदी मिळाली ती चालणाऱ्याला नाही.

त्या नव्या इमारतीचा तळमजला जरा जवळून बघा. गाड्या. मग लोखंडी फाटक, त्यापलीकडे आणखी गाड्या, एक विजेचा डीपी, पंपाची खोली, प्लास्टिकच्या खुर्चीवर रखवालदार. बिल्डर दुष्ट आहे म्हणून असं झालेलं नाही. प्लॉट चिंचोळा, नियमाप्रमाणे वाहनतळ सक्तीचा, तळघर परवडत नाही. मग गाड्यांना तळमजला देण्यावाचून गत्यंतर नाही. वर सहा मजले माणसं राहतात, वस्ती पूर्वीपेक्षा दाट आहे, आणि तरी रात्री नऊला इथून जाताना बाई पावलं उचलते. कारण रस्त्याशी बोलणारा पहिला दहा फुटांचा थर गाड्यांना दिलेला आहे.

या सगळ्या चालण्यातून एकच गोष्ट खिशात टाका: रस्ता चालता राहतो तो त्याच्या रुंदीमुळे नाही, तळमजल्यामुळे. १७९०चा ओबडधोबड मातीचा रस्ता माणसांनी गजबजलेला होता आणि २०२४चा डांबरी रस्ता वीस-वीस पावलं मुका आहे.

अर्थात महापालिकेला काही कळतच नाही असं म्हणणंही अन्यायाचं होईल. रस्ते कसे आखावेत याची मार्गदर्शक तत्त्वं पुण्याने २०१६ मध्येच तयार केली. नदीपलीकडे जंगली महाराज रस्त्यावर ती उतरलेली दिसतात: रुंद पदपथ, झाडांना वळसा, बसायला बाकडी. इंडियन रोड्स काँग्रेसची मापंही स्पष्ट आहेत. पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी, बाजारपेठेत २.५ मीटर, आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो, लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा वाहनांना बंद असतो आणि लोक रस्त्याच्या मधोमध निवांत चालतात. पण ही सगळी तत्त्वं दोन बाजूंच्या भिंतींमधल्या जागेबद्दल बोलतात. भिंतींच्या मागे काय असावं ते दुसरी नियमावली ठरवते आणि ती आधी गाडीचा विचार करते.

बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीसमोर भिडेवाड्याची जागा आहे. वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला, स्मारक उभं राहायचं आहे. त्या दिवशी तुम्ही जिच्या मागून चाललात तिच्या वाटेने आज मुली कॉलेजला जातात, मोबाइलवर बोलत, कोणाकडे न बघता. चालण्याच्या हक्कापुरता हा रस्ता १७९० आणि १८४८ पेक्षा कितीतरी चांगला आहे. जोतं परत हवं असेल तर हा हक्क शाबूत ठेवूनच हवं.

मंडईत पोचलात की जमिनीखाली मेट्रोचं स्टेशन आहे. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. गाडी न आणता पेठेत येण्याची सोय यापूर्वी इतकी कधीच नव्हती. मग पेठेतल्या प्रत्येक नव्या इमारतीने गाडीला तळमजला द्यावा, हा आग्रह आता कशासाठी?

पुढचं साल, कुठलंही

शेवटचा मुक्काम महापालिकेत. विकास आराखड्यात किंवा बांधकाम नियमावलीत बदल करायचा असला की सरकारला आधी मसुदा जाहीर करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. बहुतेकांना ही जाहिरात दिसते ती मुदत संपल्यावर. तुम्ही पाच सालं चालून आला आहात, तेव्हा मुदतीत लिहा, आणि मुद्देसूद लिहा.

एक, पेठांमध्ये नव्या इमारतीला तळमजल्यावर वाहनतळाची सक्ती नको. त्याऐवजी रस्त्याकडच्या दर्शनी भागात दुकान, दवाखाना, वाचनालय, निदान एक खिडकी असलेली खोली सक्तीची करावी. गाड्यांसाठी मंडईजवळ महापालिकेची वाहनतळं आहेत आणि मेट्रो आहे. दोन, चिंचोळ्या रस्त्यांची रुंदी वाढवण्याची रेषा मागे घ्यावी आणि इमारतींची कड एका ओळीत राहू द्यावी. तीन, दुरुस्त होण्यासारखा वाडा दुरुस्त करणाऱ्याला पाडणाऱ्यापेक्षा जास्त फायदा मिळावा, आणि त्यात भाडेकरूंना स्वच्छ संडास व पाणी आधी मिळावं. चार, पदपथ झाला की त्याची परीक्षा अधिकाऱ्याच्या पाहणीने नको. चाकाच्या खुर्चीतला माणूस शनिवारवाडा ते मंडई कोणाची मदत न घेता जातो का आणि एकटी बाई रात्री दहाला बिनघोर जाते का, हे बघून बिल मंजूर करावं.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक-जावकमध्ये द्या, दुसरीवर तारखेसह शिक्का घ्या. सुनावणीला बोलावलं तर रिक्षा करू नका, शनिवारवाड्यापासून पायी जा. बोलायला मुद्दे वाटेतच मिळतील.