सिकलसेल, पँथर आणि १८ कोटींचा उपचार

सिकलसेल हा विदर्भाचा आजार, आपल्याला त्याचे काय, असे आंबेगाव तालुक्यात कळंबला बसून म्हणणे सोपे आहे. पण आमच्या गावावरून जाणारा पुणे-नाशिक रस्ताच पुढे चाकणला पोचतो, आणि तिथल्या कारखान्यांत विदर्भातली आपली मुले राबतात.

भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळला. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी तो महार समाजात दाखवून दिला. धम्मदीक्षेनंतर अवघ्या दोन वर्षांनी, त्याच शहरात. समाजात सापडला म्हणून तो समाजाचा दोष ठरत नाही. सिकलचे जनुक एकाच पालकाकडून आले तर गंभीर मलेरियापासून बचाव होतो, म्हणून मलेरियाच्या मुलखात ते टिकले. आफ्रिकेतही हेच घडले. दोन्हीकडून आले की मात्र तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्या तुंबतात, माणूस वेदनेने तळमळतो.

अमेरिकेत १९७१ पासून ब्लॅक पँथरने वस्त्यांत जाऊन सिकलसेलची तपासणी केली. सरकार करत नाही तर आम्ही करू, ही त्यांची भूमिका. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले. रक्ततपासणीचा कार्यक्रम का नाही घेतला? हा प्रश्न आम्ही आपल्याच चळवळीला विचारतो आहोत.

आज उपचार आरएनएपर्यंत आला आहे. आरएनएचा छोटा धागा पत्ता दाखवतो आणि कॅस-९ हे प्रथिन नेमक्या तिथे डीएनए कापते. ‘कॅसजेव्ही’ या उपचारात रुग्णाच्याच मूलपेशी काढून, गर्भातले हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद करणारा खटका मोडतात. २०१९ मध्ये व्हिक्टोरिया ग्रे या कृष्णवर्णीय महिलेवर हा उपचार झाला. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने मान्यता दिली. किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे सुमारे १८ कोटी रुपये!

दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने याच जातीचे स्वतःचे तंत्र घडवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते ‘बिरसा १०१’ या नावाने जाहीर झाले आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले गेले. बिरसांचे नाव दिले, आनंद आहे. पण संशोधन जनतेच्या पैशावर झाले असेल तर किंमत बंद दाराआड का ठरावी? करारातल्या अटी लोकांपुढे ठेवा. २०२३ च्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचा रोख आदिवासी भागांवर आहे. नागपूरच्या वस्तीतल्या नवबौद्ध रुग्णाचे नाव त्या यादीत आहे का, तेही सांगा. आणि तोवर हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, चाकणच्या रस्त्यावरसुद्धा, महिन्याच्या महिन्याला मिळाल्या पाहिजेत.