शेवाळ, खत आणि ओप्पाऊ

तुमच्या घरच्या रीफ टँकमध्ये हेअर अल्गी माजली की तुम्ही आधी दिव्याला दोष देता. बिचारा दिवा! शेवाळाला नायट्रेट आणि फॉस्फेटही लागतं, आणि ते बहुतेक माशांना जास्त घातलेल्या खाण्यातून येतं.

गंमत म्हणजे शतकापूर्वी जगाला याच नायट्रोजनची टंचाई होती. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबरने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला. लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफमध्ये कार्ल बॉशने त्याचा कारखाना केला. १९१३ मध्ये शेजारच्या ओप्पाऊला उत्पादन सुरू झालं. आल्विन मिटाशने उत्प्रेरकासाठी हजारो चाचण्या घेतल्या, आणि शेवटी कामी आलं लोखंडच, थोडी भेसळ केलेलं.

२१ सप्टेंबर १९२१ रोजी तिथे कोठारात दगडासारखं घट्ट झालेलं खत नेहमीप्रमाणे सुरुंगाने फोडत होते. त्या दिवशी साठाच उडाला. ५०० हून जास्त माणसं गेली.

आज शेतातलं जादा खत ऱ्हाइनमधून उत्तर समुद्रात जातं आणि तिथेही शेवाळ माजतं. तुमचं तसं बरं आहे: खाणं कमी करा, पाणी बदला, सम्पमध्ये कीटोमॉर्फा वाढवून कापत राहा. आणि फॉस्फेट शोषायला तुम्ही जे तपकिरी दाणे घालता ना, तेही लोखंडाचेच.